दार लावून जेवणारा माणूस

ताई,

कॅन्सरमुळे तुमच्या यजमानांचा खालचा जबडा काढला, पायातल्या बारीक हाडाचा नवा बसवला, मग रेडिएशनही झालं. आता रिपोर्ट चांगले आहेत. तरी ते खोलीचं दार लावून एकटेच जेवतात, फोन घेत नाहीत, समजवायला गेलं की चिडतात. ‘जीव वाचला, एवढं पुरेसं का नाही त्यांना?’ असं तुम्ही विचारलंय.

नाही पुरेसं, आणि यात कृतघ्नपणा अजिबात नाही. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस कापावी लागते. ओठ बधिर होतो. लाळ ओघळली, हनुवटीला घास लागला, तरी त्यांना कळत नाही. कळतं ते समोरच्याच्या नजरेवरून. त्या नजरेपासून वाचायला ते दार लावतात. तुम्हाला हा हट्ट वाटतो, मला मात्र यात लाज दिसते, आणि लाज समजावून जात नाही.

म्हणून चारचौघांत बसायचा आग्रह सोडा. आधी फक्त तुम्ही दोघं बसा, तुमच्याही ताटात त्यांच्यासारखंच मऊ जेवण घ्या. जवळ रुमाल आणि छोटा आरसा असू द्या. हनुवटीला काही लागलं तर कशी खूण करायची, ते त्यांनाच ठरवू द्या. आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. हे सगळ्यात अवघड जाईल, प्रेमापोटीच आपण ते करतो.

तोंड किती उघडतं, हेही मोजून घ्या. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये 35 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर पडत असेल, तर ते आखडलेलं समजतात. रेडिएशननंतर स्नायू पुढेही आखडत राहतात, म्हणून तोंड उघडायचे व्यायाम शिकून रोज करायला हवेत. गिळणं आणि बोलणं या दोन्हींसाठी स्पीच थेरपिस्ट मदत करतात; आजवर कुणी पाठवलं नसेल तर तुम्हीच चिठ्ठी मागा. दात दुखला तर कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता काढू नका, रेडिएशन घेतलेल्या हाडाची जखम सहज भरत नाही. नव्या हाडात दात बसवता येतील का, तेही विचारा. काहींना येतात.

जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले, किंवा खाणंच सोडलं, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पुढच्या तपासणीआधी त्यांचे प्रश्न त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या. डॉक्टर ‘कसं काय?’ विचारतील तेव्हा उत्तर त्यांना देऊ द्या, कितीही वेळ लागला तरी.