‘नाही’ या उत्तरावर थांबू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ज्येष्ठांच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या कामावर तू रुजू झालीस हे कळलं, फार आनंद झाला. प्रश्नावली कशी भरायची ते प्रशिक्षणात शिकवतीलच. मला एकाच प्रश्नाबद्दल लिहायचंय. ‘तुम्हाला मधुमेह असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?’

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मी तो एका आजींना विचारला होता. त्यांचं वय कुठे लिहिलेलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या आणि थोरला तेव्हा अंगावर पीत होता, त्यावरून आम्ही हिशोब लावला. सगळा जन्म ऊसतोडीत गेलेला. “न्हाई बाई, मला साखर-बिखर काय न्हाई,” त्या म्हणाल्या. मी ‘नाही’वर खूण केली. निघताना त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. अंगठ्याला चिंधी बांधली होती, जखम दोन महिने भरत नव्हती. रक्त आयुष्यात एकदाही तपासलेलं नव्हतं. तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बरोबर येणाऱ्या मुलाची रोजंदारी बुडणार.

पुढच्या महिन्यात पुण्यात एक निवृत्त अधिकारी भेटले. त्यांनी फाईलच समोर ठेवली. बीपी, साखर, थायरॉईड, सगळं तारीखवार लावलेलं. माझ्या कागदांवर ते आजारी ठरले आणि आजी ठणठणीत.

हे दोन घरांपुरतं नाही. आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये आपले आजार सांगणारे बरेचदा सुखवस्तूच जास्त निघतात, कारण निदान पैशानं होतं. इंग्लंड-अमेरिकेत नेमकं उलट दिसतं. २००६ साली ५५ ते ६४ वयाच्या गोऱ्या लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्ही देशांत कमी शिकलेले, कमी कमावणारे लोक जास्त आजारी होते. शिवाय आरोग्यावर माणशी दुपटीहून अधिक खर्च करणारी अमेरिका इंग्लंडपेक्षा आजारी निघाली, अगदी वरच्या उत्पन्नगटातसुद्धा. अमेरिकेत तपासण्या जास्त होतात म्हणून आजार जास्त सापडतात, असं कुणी म्हणालं असतं. पण त्या अभ्यासकांनी रक्ताचे नमुनेही ताडून पाहिले होते, आणि फरक तिथेही तसाच होता.

जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येकाला आरोग्य विमा आहे. २००० साली त्यांनी म्हातारपणातल्या सेवेसाठी वेगळा विमा आणला, त्याचा हप्ता चाळिशीपासूनच भरावा लागतो. आजींच्या चाळिशीत त्यांच्या हातात कोयता होता आणि डोक्यावर मुकादमाची उचल. दोन देशांतले म्हातारे शेजारी ठेवून बघशील तेव्हा त्यांची चाळिशीही बघ.

म्हणून सांगते, मोजमापाचा भाग कधीही गाळू नकोस. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं इतरांच्या साथीनं देशभरात पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर जणांची पाहणी केली, त्यात बीपी मोजलं, बोटातून रक्ताचे थेंब घेतले, हाताची पकड पाहिली. संध्याकाळ होते, समोरचं माणूस कंटाळतं, आपल्यालाही गाडी गाठायची असते, आणि सोडावासा वाटतो तो नेमका हाच भाग. पण जे आजींना स्वतःलाच ठाऊक नाही, ते फक्त इथेच सापडतं.

दहा शब्द ऐकून परत सांगायची चाचणीही सावकाश घे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ती परीक्षा वाटते आणि ती घाबरते. अडखळली की विसराळू ठरवून मोकळी होऊ नकोस. तिला आधी पाणी पिऊ दे. सुनेला जरा बाहेर बसायला सांग, नाहीतर उत्तरं तीच देते.

आणि कुणी ‘नाही’ म्हणालं की लगेच विचार, “कधी तपासलंय का?” फॉर्ममध्ये त्याला रकाना नसला तर शेऱ्यात लिही. आजींच्या फॉर्मवर मी ते लिहिलं नव्हतं.

तुझी,
ताई