गणपतीच्या रोषणाईतले दिवे जागचे हलत नाहीत, मग पळताना का दिसतात?

दिवे पळत नाहीत, पळवतो तो आपला मेंदू. एक दिवा विझला आणि लगेच शेजारचा लागला, तर मेंदू या दोन वेगळ्या घटना धरतच नाही. ‘तोच दिवा पुढे सरकला’ असा अर्थ लावून मोकळा होतो. याच भासावर माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली शोधनिबंध लिहिला आणि गेस्टाल्ट मानसशास्त्राची (सुट्या तुकड्यांऐवजी मेंदू एकसंध आकृती कशी पाहतो, हे सांगणाऱ्या शाखेची) सुरुवात तिथूनच मानली जाते.

पुढे १९२३ साली त्याने डोळ्यांना दिसलेलं आपण गटागटात कसं बांधतो, हे मांडलं. त्यासाठी लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक आठवा (उभं राहायला जागा मिळाली असेल तर!). एवढ्या गर्दीतही ढोल पथक एकसंध दिसतं, कारण सगळ्यांचे कुर्ते-फेटे सारखे आणि हात एकाच ठेक्यावर उठतात. सारखं दिसणारं आणि एकत्र हलणारं ते एक, असा मेंदूचा हिशेब. जवळजवळ असलेल्या गोष्टींचंही तसंच. माझं आवडतं उदाहरण मात्र ठिपक्यांच्या रांगोळीचं आहे. रेघ ओढण्याआधीच त्या ठिपक्यांत आपल्याला ओळी, चौकोन दिसायला लागतात. कागदावर, म्हणजे फरशीवर, नुसते ठिपकेच असतात.

घरच्या माळेवर पडताळून बघा. कंट्रोलरचं बटण दाबून वेग अगदी कमी करा. पळणं थांबेल, नुसती उघडझाप उरेल.