नोटीस येईपर्यंत थांबू का?

नाशिकचे एक वाचक लिहितात: "२०२२ मध्ये नोकरी सोडून इंटिरियरची कामं घ्यायला लागलो. २०२२-२३ आणि २०२३-२४ ची रिटर्न भरलीच नाहीत. त्यानंतरचं मात्र वेळेत भरलं. फ्लॅटसाठी मुदत ठेवीच्या एक-एक लाखाच्या सहा पावत्या बँकेत आहेत. त्या मोडून जुना कर भरू, की मित्र म्हणतो तसं नोटीस येईपर्यंत गप्प बसू? घरी अजून सांगितलेलं नाही."

तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाही. लपलेलं उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर २०२२-२३ साठी कलम १४८ची, म्हणजे जुनं वर्ष पुन्हा तपासायला उघडण्याची, नोटीस ३० जून २०२७ नंतर काढता येत नाही. पण आज जानेवारी २०२६ आहे. तुम्ही पाठवलेला २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा, मी पाहिला. बिल्डरने ३ लाखांच्या फीवर ३०,००० रुपये टीडीएस कापून तुमच्या पॅनवर जमा केलाय, तारखेसकट. रिटर्न न भरणारा शोधायला खात्याला ती एक ओळ पुरते.

आता २०२२-२३ चा हिशेब. कामांची जमा १५ लाख २० हजार. कलम ४४एडीएखाली, म्हणजे खर्चाचा तपशील न देता व्यावसायिकाच्या जमेतलं निम्मं उत्पन्न धरलं तर ७ लाख ६० हजार. त्यात पावत्यांचं व्याज ४० हजार, जे तुम्ही यादीत लिहायला विसरलात. बहुतेक जण विसरतात. पीपीएफचे १ लाख वजा केले की करपात्र ७ लाख. जुन्या करपद्धतीने सेससह कर ५४,६००, टीडीएस वजा जाता २४,६००. रक्कम एवढीच होती, हे वाचून मला वाईट वाटलं, कारण उशिराने ती किती फुगली बघा. व्याज १५,९९०. विलंब शुल्क ५,०००. आणि अपडेटेड रिटर्न (मुदत उलटून गेल्यावर जादा कर देऊन भरायचं रिटर्न) भरताना कर व व्याजाच्या ५० टक्के जादा कर, म्हणजे २०,२९५. एकूण ६५,८८५ रुपये.

३१ मार्च उलटला की हा जादा कर ६० टक्के होतो. व्याज तर दर महिन्याला चढतंच: दोन कलमांखाली एक-एक टक्का, वर्षाला २४. पावतीवर तुम्हाला सात टक्के मिळतात. सात कमावण्यासाठी चोवीस भरायचे, हा व्यवहार मी तुम्हाला करू देणार नाही. एक पावती मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड बँक घेईल, तो सोसा. बाकीच्या पाचांना हात लावू नका.

थांबलात आणि नोटीस आली, तर अपडेटेड रिटर्नची वाटच बंद होते. मग कर, व्याज आणि वर दंड: करावर ५० टक्के, उत्पन्न जाणूनबुजून दडवलं असं ठरलं तर २०० टक्के. टीडीएस वजा जाता कर १०,००० च्या वर असेल तर खटल्याचीही तरतूद आहे, आणि तुमचा तो आहे. अशा प्रकरणात प्रत्येकावर खटला होत नाही. पण ही टांगती तलवार दीड वर्ष उशाशी घेऊन झोपू नये असं मला मनापासून वाटतं.

२०२३-२४ ची गोष्ट उलटी आहे. त्या वर्षी कामं कमी होती. उत्पन्न ६ लाख, नव्या करपद्धतीत कलम ८७एची करसूट धरून कर शून्य, आणि टीडीएस कापला गेलाय ३८,०००. म्हणजे खातंच तुम्हाला देणं लागतं. पण परतावा मागायला अपडेटेड रिटर्न चालत नाही. त्यासाठी कलम ११९(२)(बी)खाली विलंबमाफीचा अर्ज प्रधान आयुक्तांकडे करायचा, मुदत ३१ मार्च २०३०. मंजुरीची हमी नाही, उशिराचं खरं कारण कागदांनिशी द्यावं लागतं. म्हणून हे ३८,००० आज हिशेबात धरू नका. ते धरून फ्लॅटचं गणित मांडाल तर फसाल.

अपडेटेड रिटर्न एका वर्षासाठी एकदाच भरता येतं, तेव्हा चलन काढण्याआधी एआयएसमधली (खात्याकडे असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या यादीतली) प्रत्येक नोंद सीएसोबत बसून जुळवा.

आणि एक. पावत्या तुम्हा दोघांच्या नावावर आहेत. मुदतीआधी मोडायला बँक वहिनींचीही सही मागेल. फॉर्म पुढे करून सही घेण्याआधी त्यांना सगळं सांगा, हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवून.