पॅरिशची पुढच्या पाच वर्षांची योजना करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बिशपांनी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समुदायाची, पाच वर्षांची योजना मागवली आहे आणि हातात तीन महिने आहेत. रविवारची उपस्थिती ओसरते आहे. समितीतल्या निम्म्या लोकांना नवा हॉल हवा आहे, निम्म्यांना तरुणांसाठी काहीतरी. पॅरिश कौन्सिलची (फादरांना सल्ला देणाऱ्या समितीची) सचिव म्हणून मी या कामातून दोनदा गेले आहे. पहिल्यांदा आमचं सपशेल चुकलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. तुमची मंडळी (ख्रिस्ती पंथ) कोणती ते प्रश्नात नाही. मी कॅथलिक आहे, त्यामुळे नियमांचे दाखले तिकडचे येतील, पण मुख्य मुद्दा कुठल्याही चर्चला लागू पडावा.

सुरुवात नोंदवहीपासून करा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपासून.

पहिल्या खेपेला आम्ही सुरुवात फळ्यावर केली होती. एक अख्खा दिवस बसलो, प्रत्येकाने सुचेल ते सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत वीसेक उद्दिष्टं जमली. ध्वनियंत्रणा, वाहनतळ, युवा केंद्र, वेबसाईट, हॉलवर आणखी एक मजला. सगळ्यांचं ऐकायचं म्हणून एकही उद्दिष्ट वगळलं नाही. छान बांधणी केलेली प्रत तयार झाली. दुसऱ्या वर्षी फादरांची बदली झाली आणि ती प्रत कपाटात गेली ती गेलीच. खंत मला त्याची तेवढी वाटत नाही. वाटते ती याची, की दिवसभर त्या खोलीत बसलेले आम्ही सगळे दर रविवारी येणारे होतो. जे येत नाहीत त्यांच्या वतीने बोलणारं तिथे कोणीच नव्हतं, आणि ती उणीव आमच्या लक्षातही आली नाही.

नंतर आलेल्या फादरांनी योजनेचं नावही काढलं नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीची बाप्तिस्म्याची नोंदवही टेबलावर ठेवली आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. हे मूल आज कुठे आहे? कुटुंब इथेच आहे का? फर्स्ट कम्युनियन (पहिलं ख्रिस्तप्रसाद ग्रहण) झालं? दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं? १९८३ च्या कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) ५३५ वं कलम बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवायला सांगतं, म्हणून त्या प्रत्येक पॅरिशमध्ये असतातच. पण आम्ही त्या दाखल्यापुरत्याच उघडायचो. त्या दिवशी बऱ्याच नावांपुढे खोलीत शांतता पसरायची. काही कुटुंबं गाव सोडून गेली होती, ते समजण्यासारखं होतं. पण काहींची घरं चर्चपासून दोन गल्ल्यांवर होती आणि त्यांचं कसं चाललंय हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.

यात एक काळजी घ्या. नोंदवहीत खासगी गोष्टी असतात, दत्तक मुलांच्या, तुटलेल्या विवाहांच्या. ती फादरांच्या उपस्थितीतच उघडायची, फोटो काढायचे नाहीत आणि यादी समितीबाहेर जाऊ द्यायची नाही.

मग त्या घरांना भेटी द्या. दोघादोघांनी जा. येशूने शिष्यांना तसंच पाठवलं होतं आणि त्यात व्यवहारही आहे: एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि परतताना नेमकं काय ऐकलं हे दोघांना पडताळून बघता येतं. आम्ही एक नियम पक्का पाळला. 'तुम्ही चर्चला का येत नाही?' हे विचारायचंच नाही. त्या प्रश्नात आरोप असतो आणि समोरचा माणूस लगेच सबबी शोधायला लागतो. त्याऐवजी घरात सध्या काय चाललंय ते विचारायचं, चर्चची एखादी चांगली किंवा दुखरी आठवण आहे का ते विचारायचं, आणि उत्तर आलं की चर्चची बाजू मांडायची नाही. हे शेवटचं फार कठीण जातं. मलाच जीभ दातांखाली धरून बसावं लागलं.

एका घरी आठ-नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा होता. आई म्हणाली, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) तो मध्येच ओरडतो, मग लोक मागे वळून बघतात. कोणी वाईट बोललं नव्हतं. फक्त वळून बघत होते. तीन वर्षं ती बाहेर, दाराशी उभी राहून मिस्सा ऐकायची, मग तेही थांबलं. मी त्या रविवारांना आतच होते, बहुधा वळून बघणाऱ्यांतली एक. आमच्या वीस उद्दिष्टांत तिच्यासाठी एक ओळ नव्हती. दुसऱ्या एका घरी वडील वारले तेव्हा अंत्यविधी नीट झाला होता, पण त्यानंतर चर्चमधून कोणी घराची पायरी चढलं नव्हतं. तिसऱ्या घरी नवराबायको दोघंही रात्रपाळी करायचे आणि सकाळची मिस्सा त्यांच्या झोपेच्या वेळी असायची. या तिन्ही घरांत कोणाचीही श्रद्धा हरवली नव्हती.

इथे मला बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवतो. योजनेच्या पहिल्या बैठकीत तोच मोठ्याने वाचा असं मी आग्रहाने सांगेन. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसं निवडायला सांगितलं, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे, मला तरी असं वाटतं, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती काम सोपवलं गेलं. त्यानंतर लगेच, सातव्या वचनात, देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या फार वाढली असं लिहिलंय. वाढीचा उल्लेख तक्रार ऐकल्यानंतर येतो, हा क्रम माझ्या मनात घट्ट बसला आहे.

आम्हीही तेच केलं. त्या मुलाच्या आईलाच विचारलं की काय केलं तर जमेल. तिने मागितलं ते अगदी थोडं होतं. बाजूच्या दारालगतचा एक बाक राखून ठेवायचा, म्हणजे गरज पडली तर उठून जाता येईल. आणि दर रविवारी ठरलेलं एक माणूस शेजारी बसावं, म्हणजे ती एकटी पडणार नाही. फादरांनी प्रवचनात दोन वाक्यं बोलून लोकांना समजावलं. खर्च शून्य. पण ते योजनेत लिहिलं गेलं, जबाबदार व्यक्तीच्या नावासकट. पुढे त्या बाकावर आणखी दोन कुटुंबं बसायला लागली. अशी कुटुंबं आमच्या पॅरिशमध्ये आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

नियमांचं थोडक्यात सांगते, कारण समितीत त्यावरून वाद होतात. फायनान्स कमिटी प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे (कलम ५३७). पॅरिश कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटल्यास, आणि तिचं मत सल्ल्यापुरतं (कलम ५३६). २०२४ मध्ये संपलेल्या सिनडच्या (पोपनी बोलावलेल्या जागतिक सभेच्या) अंतिम दस्तऐवजात अशा सहभागाच्या समित्या सक्तीच्या कराव्यात असा आग्रह धरला आहे. सल्ल्याचाच अधिकार आहे म्हणून कोणी हिरमुसू नये. भेटी देऊन आलेल्या कौन्सिलचा सल्ला डावलणं कुठल्याही फादरांना सोपं नसतं. आणि भेटी हे काही नवं खूळ नाही हे समितीला सांगा: कुटुंबांना भेटून माणसं ओळखणं हे ५२९ व्या कलमानुसार पॅरिश प्रीस्टचं कर्तव्य आहे. ५२८ वं कलम तर म्हणतं की ज्यांनी धर्माचरण सोडलंय त्यांच्यापर्यंत आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यापर्यंतही शुभवर्तमान पोचावं म्हणून फादरांनी झटावं, आणि तेही श्रद्धावंतांच्या मदतीने. शिवाय ५१८ व्या कलमाप्रमाणे पॅरिश ही सर्वसाधारणपणे प्रदेशावरून ठरते, त्या हद्दीतले सगळे श्रद्धावंत तिच्यात मोडतात. योजना त्या पूर्ण हद्दीची करायची असते. आमची पहिली योजना फक्त रविवारी भरलेल्या बाकांची होती.

आता हॉल. मी हॉलच्या विरोधात नाही. पण बांधकामाला देणग्या मिळतात, कारण कोनशिलेवर नाव लागतं. वीजबिल, झाडलोट, गळकं छप्पर यांच्यासाठी नाव लावून कोणी देत नाही. म्हणून बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा मांडल्याशिवाय हॉलवर मत घेऊ नका. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधायच्या आधी खर्चाचा हिशेब करायला बसणाऱ्या माणसाचा दाखला आहेच. आणि आधी विचारा की आहे तो हॉल आठवड्यात किती तास उघडा असतो. आमचा शनिवार-रविवार सोडला तर कुलूपबंद होता. किल्ली एकाच माणसाकडे होती, एवढंच कारण. किल्लीच्या चार प्रती झाल्या आणि हॉलची मागणी दोन वर्षं पुढे ढकलली गेली.

तरुणांच्या बाबतीत एकच सांगते. त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरवू नका, त्यांना कौन्सिलमध्ये घ्या आणि पैसे खर्च करायचा अधिकार असलेलं एक काम द्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं तरुणांना खुर्च्या लावायलाच बोलावलं जायचं. खुर्च्या लावणारा मुलगा लग्न होईपर्यंत खुर्च्याच लावतो आणि मग दिसेनासा होतो.

प्रत्यक्ष योजना लहान ठेवा. तीन उद्दिष्टं पुरेत. प्रत्येकापुढे माणसाचं नाव, तारीख आणि खर्च. 'समिती बघेल' असं लिहिलं की ते कोणीच बघत नाही. यासोबत एक अवघड यादी करा: आपण काय थांबवणार. काम करणारी माणसं तीच असतात. नवं काही त्यांच्या डोक्यावर ठेवायचं तर जुनं काहीतरी उतरवायला हवं. आम्ही एक वार्षिक कार्यक्रम बंद केला. त्यात मोजक्या सहा जणांचे दोन महिने जात होते आणि येणारे दरवर्षी घटत होते. ज्यांनी तो सुरू केला होता त्यांना फार लागलं. आधी घरी जाऊन त्यांच्याशी बोलायला हवं होतं, त्यांना ते सूचनाफलकावर वाचायला लागलं. ही चूक माझी, सूचना मीच टाइप केली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये 'आम्ही नेहमी असंच करत आलोय' ही वृत्ती सोडायला सांगितलं होतं ते योग्यच आहे, पण त्या 'नेहमी'त कोणाची तरी तीस वर्षांची मेहनत असते. ती आधी मान्य करा, जाहीरपणे, नावं घेऊन. मग बंद करा.

वाढ कशी मोजायची? उपस्थिती मोजाच, पण ख्रिसमस-ईस्टरला नको. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये आणि बऱ्याच कॅथलिक धर्मप्रांतांत ऑक्टोबरमधल्या रविवारी मोजणी होते, कारण तेव्हा मोठा सण नसतो आणि नेहमीचं चित्र दिसतं. त्याच्या जोडीला दुसरंही मोजा. किती घरांना भेटी झाल्या, किती आजाऱ्यांपर्यंत ख्रिस्तशरीर (मिस्सेतला पवित्र प्रसाद) पोचलं, यंदा पहिल्यांदाच जबाबदारी घेतलेली माणसं किती. मिशन म्हणजे नेमकं काय यावर समिती अडली, तर अँग्लिकनांनी ठरवलेली मिशनची पाच लक्षणं कॅथलिकांनाही उपयोगी पडतात: शुभवर्तमान सांगणं, नव्यांना शिकवणं आणि घडवणं, गरजूंची सेवा, अन्यायी व्यवस्था बदलणं आणि सृष्टीची राखण. १९८४ मध्ये ती चारच होती, सृष्टीचं लक्षण १९९० मध्ये जोडलं गेलं. आमची वीस उद्दिष्टं मी नंतर या पाचांवर लावून पाहिली. चार-पाच सोडली तर बाकीची कुठेच बसली नाहीत, ती आमच्या सोयीची होती.

फादरांची बदली होणार हे धरूनच चला. कौन्सिलचे सगळे सदस्य एकाच वर्षी निवृत्त होतील अशी मुदत ठेवू नका, दरवर्षी एक तृतीयांश बदलू द्या. योजनेचं एक पान दर सहा महिन्यांनी मिस्सेनंतर वाचून दाखवा, काय झालं आणि काय राहिलं यासकट. लोकांच्या कानावर असलेली योजना कपाटात टाकणं नव्या फादरांनाही जड जातं.

आणि तुमचे तीन महिने. आमच्या भेटींनाच आठ महिने लागले, म्हणून एवढ्यात पाच वर्षांची योजना होईल असं मला वाटत नाही. मी तुमच्या जागी असते तर बिशपांकडे पहिल्या वर्षाचीच योजना पाठवली असती: नोंदवही पाहिली, इतकी नावं हरवलेली सापडली, इतक्या जोड्या इतक्या घरी जाणार, आणि पुढच्या चार वर्षांचं आम्ही वर्षअखेरीस लिहू. सोबत मुदतवाढीचं साधं पत्र जोडा. आमच्या बिशपांनी आमचं असंच पत्र वाचून एकच प्रश्न विचारला होता, पहिली भेट कधी आहे. तुमची तारीख पत्रातच लिहून टाका.