ख्रिस्ती श्रद्धेनुसार जग संपणार म्हणजे या पृथ्वीचं नेमकं काय होणार?

तुम्ही जळगावहून लिहिलंय आणि एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत जगाच्या शेवटाची तारीख दिलीय, ती बायबलमध्ये खरंच आहे का? सगळं जळून खाक होणार असं मानत असाल, तर ख्रिस्ती लोक शाळा-दवाखाने कशाला काढतात? आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांचं काय? व्हिडिओ पाहून तुमच्या आईला रात्रभर झोप लागली नाही, हेही तुम्ही लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढले, तिथेच संडे स्कूलला शिकवते. नेमका हाच प्रश्न माझ्या वर्गातली मुलंही विचारतात.

तारीख नाही. कुठेच नाही. उलट येशूने स्वतः सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय, म्हणजे देवाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. स्वर्गातल्या दूतांना नाही आणि पुत्राला, म्हणजे स्वतः येशूलाही नाही (मत्तय २४:३६). इतकं स्पष्ट वाक्य असूनही लोकांनी तारखा काढल्या. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो माणसं वाट पाहत बसली, काहींनी शेतातलं पीक काढलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. त्या माणसांचा विश्वास खोटा नव्हता, म्हणून तर मला त्यांचं फार वाईट वाटतं. त्यामुळे तारीख सांगणारा कितीही वचनं तोंडपाठ म्हणत असला, तरी तो येशूच्या शब्दाविरुद्ध बोलतोय, हे आईला निःशंक सांगा.

आता पृथ्वीबद्दल. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. लोक त्यातले पशू, कर्णे, ६६६ हा आकडा एवढंच लक्षात ठेवतात. पण ते पुस्तक संपतं कशाने? २१ व्या अध्यायात योहान नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहतो. पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि वाणी होते की देवाची वस्ती आता माणसांमध्ये आहे. तो त्यांच्या डोळ्यांतलं सगळं पाणी पुसून टाकील, मरण राहणार नाही, शोक आणि रडणं राहणार नाही. यातली दिशा बघा. माणसं पृथ्वी सोडून वर पळत नाहीत, देव खाली राहायला येतो. आणि सिंहासनावर बसलेला म्हणतो की मी सर्व काही नवं करतो. पाडून टाकून दुसरंच काही उभारतो, असं तो म्हणत नाही.

मग आग कुठून आली? बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातून, तिसऱ्या अध्यायातून. तिथे आकाश आणि मूलतत्त्वं तापून विरघळतील असं लिहिलंय खरं. हे वाचून, आहे ती सृष्टी पूर्ण नाहीशी होईल असं मानणारे ख्रिस्ती आजही आहेत. मला ते पटत नाही. त्याच अध्यायात पेत्र आधी नोहाच्या काळच्या जलप्रलयाचं उदाहरण देतो: तेव्हाही जगाचा नाश झाला, असं तो म्हणतो. पण जमीन तर राहिली होती! धुऊन गेला तो अधर्म. आणि आगीचं वर्णन झाल्यावर पुढे लगेच येतं की जिथे नीतिमत्त्व वास करतं अशा नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची आम्ही वाट पाहतो. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल तर म्हणतो की सगळी सृष्टी कण्हत आहे, प्रसूतीच्या वेणा सोसत आहे आणि तीही नाशाच्या दास्यातून मुक्त होणार आहे. जी जळून राख व्हायची तिला मुक्तीचं वचन कोण देईल?

या सगळ्याच्या मुळाशी येशूचं पुनरुत्थान आहे. कबर रिकामी सापडली, म्हणजे तेच शरीर उठलं. त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हातांवरचे व्रण दाखवले. तरीही ते शरीर पहिल्यासारखं मरणाधीन नव्हतं. त्याचं जे झालं तेच आमचं आणि या पृथ्वीचंही होईल, ही आमची आशा. आमच्या कबरस्तानात मूठमाती देताना करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय वाचतात. त्यात पौल दाण्याचं उदाहरण देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच रूप, पण असतं त्याच दाण्याचं. आमच्याकडे दादर ज्वारी पेरणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. माझी आत्या गेली तेव्हा तिला मातीआड करताना मी हे शब्द ऐकले आणि ती कुठेतरी ढगात विरून गेली असं मला वाटलं नाही. ती उठेल असं वाटलं, आजही वाटतं.

ख्रिस्त परत येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, नव्या युगाचं जीवन असेल, एवढं निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, चौथ्या शतकापासून आहे आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळे ते मानतात. मतभेद आहेत ते प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायातल्या हजार वर्षांच्या राज्यावरून. येशू आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील, असं काही म्हणतात. जुने चर्चगुरू ऑगस्टीन यांच्या मागे जाणारे म्हणतात की तो आकडा ख्रिस्ताच्या चालू राज्याची खूण आहे. ते राज्य सुवार्तेने, म्हणजे येशूच्या शुभवार्तेने हळूहळू जगात पसरेल आणि मग तो येईल, असं मानणारेही आहेत. व्हिडिओत विश्वासणारे अचानक गायब होताना दाखवतात ना, ती दोन टप्प्यांतल्या येण्याची, म्हणजे येशू आधी विश्वासणाऱ्यांना उचलून नेईल आणि नंतर पुन्हा उघडपणे येईल अशी मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून पसरली. बऱ्याच मंडळ्या ती मनापासून मानतात, पण ती सगळ्या ख्रिस्ती लोकांची शिकवण नाही. मी या वादात फार शिरत नाही.

पण प्रभू येशूच्या परत येण्याच्या या अपेक्षेशी खान्देशाचा जवळचा संबंध आहे. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला अलायन्स मिशनचे लोक आले, तर आमच्या नंदुरबार-नवापूरकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे. दोन्ही मिशनांच्या उपदेशात प्रभूच्या लवकर येण्यावर मोठा भर. उद्याही येईल असं मानणारी ही माणसं. आणि त्यांनी केलं काय? शाळा काढल्या, बोर्डिंग चालवली, १९४० च्या दशकात रेल्वेलाइनवरच्या चिंचपाड्याला दवाखाना उभा केला, जो आजही चालतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दवाखान्यात दिसतं. ज्या शरीराला देव उठवणार आहे, त्याच्या तापावर औषध द्यायलाच हवं. पौलाच्या काळी थेस्सलनीका या शहरातल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते. प्रभू आता येतोच आहे या समजुतीने बसले असावेत, असं बऱ्याच भाष्यकारांना वाटतं. त्यांना पौलाने खडसावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये.

न्यायाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आईची भीती तिथेच असणार. स्तोत्र ९६ मध्ये देव न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं आनंदाने गातात! न्यायाने आनंद कोणाला होतो? ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला. प्रकटीकरणाच्या ६ व्या अध्यायात काळ्या घोड्याबरोबर एक भाव पुकारला जातो: दिवसभराच्या मजुरीत जेमतेम एका माणसाला पुरतील एवढे गहू. १८ व्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे, सोनं, रेशीम, हस्तिदंत, गुरं, आणि अगदी शेवटी माणसांचे जीव. आमच्या तालुक्यातून मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. त्यांचा नाताळ कित्येकदा उसाच्या फडातच होतो. त्यांच्यासमोर ही यादी वाचली की ती जुनी वाटत नाही. असला बाजार देव कायम चालू देणार नाही, ही त्यांच्यासाठी सुवार्ता आहे.

नव्या पृथ्वीचं चित्र पहिल्यांदा येतं ते यशयाच्या ६५ व्या अध्यायात. तिथे लोक घरं बांधतील आणि स्वतः त्यांत राहतील, मळे लावतील आणि स्वतः त्यांचं फळ खातील. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं, असं होणार नाही. सरदार सरोवरामुळे आमच्याच जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. ज्यांची वावरं पाण्याखाली गेली, त्यांच्याजवळ बसून हा अध्याय वाचून बघा. देवाच्या नव्या जगात घर आहे, शेत आहे, हातांनी केलेलं काम आहे.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका नाही, असं आमच्याकडच्या बहुतेक मंडळ्या शिकवतात. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता स्वतःच्या दोषाशिवाय पोहोचली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं, असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली मांडलं. मी येशूला तारणारा मानते आणि तुम्हीही त्याला ओळखावं असं मला वाटतं, हे लपवत नाही. पण तुमचा किंवा तुमच्या आईचा निवाडा मी करणार नाही. न्यायासनावर जो बसणार त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत आणि भुकेल्याला खाऊ घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, असं तो विचारतो (मत्तय २५). त्या न्यायाधीशावर माझा भरवसा आहे.

आईला तो व्हिडिओ परत दाखवू नका. ऐकायची इच्छा असेल तर प्रकटीकरण २१ च्या पहिल्या पाच ओळी वाचून दाखवा, आणि ७ व्या अध्यायाचा शेवटही. त्यात लिहिलंय की त्यांना पुन्हा भूक लागणार नाही, तहान लागणार नाही, ऊन किंवा कसलाही उकाडा त्यांना बाधणार नाही. जळगावच्या मे महिन्यात राहणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल. आणखी काही विचारायचं असलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.