ट्रॅक्टरला नवीन बॅटरी टाकूनही सकाळी सेल्फ घेत नाही, बॅटरी खराब आहे की डायनामो?

दोन महिन्यांची बॅटरी, चार्ज करून आणली की दोन दिवस चालते आणि परत सेल्फ नुसता कट्कट् करतो, बॅटरीवाला म्हणतो डायनामो गेला आणि मेकॅनिक म्हणतो बॅटरी डुप्लिकेट, असं तुम्ही लिहिलंय. दोघांचंही ऐकू नका. मी ऐकलं आणि साडेसहा हजार घालवले.

आमचा ट्रॅक्टर २००९ चा, हंगामात ऊस वाहतुकीला असतो. दसऱ्याच्या आधी दाजींनी हौसेनं तो ओळखीच्या पेंटरकडून रंगवून आणला, बोनेटपासून चॅसीपर्यंत चकाचक, आणि त्याच आठवड्यात सेल्फनं त्रास द्यायला सुरुवात केली. दाजी म्हणाले बॅटरी संपली. नवीन टाकली. पंधरा दिवसांत परत तेच. मग म्हणाले डुप्लिकेट लागली, बॅटरी म्हणजे नशिबाचा भाग. आता घरच्या जावयाला कोण बोलणार, आई उलट मलाच म्हणायची ते सांगतात तर खरंच असंल. रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावायचा असं चाललं होतं, पण कारखान्याच्या यार्डात उतार कुठनं आणायचा?

रात्री अडीचला नंबर आला, मागं दोन ट्रॉल्या भरलेल्या, आणि सेल्फ कट्. मागचे हॉर्न मारायला लागले. त्यांच्यातला एक बीडकडचा म्हातारा ड्रायव्हर उतरून आला, मला चार-पाच वेळा सेल्फ मारायला लावला आणि म्हणाला आता बॅटरीची काळी केबल, म्हणजे अर्थिंगची (तिलाच ‘अर्थ’ म्हणतात), चॅसीला जिथं आवळलीय त्या बोल्टला हात लाव. चटकाच बसला. केबल गार आणि बोल्ट तापलेला. खोलून बघितलं तर केबलच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या कडीखाली, दसऱ्याचा निळा रंग, गुळगुळीत. पेंटरनं केबल सोडून रंग मारला होता आणि रंगावरच परत आवळली होती. हॅक्सॉ ब्लेडनं खरवडून लोखंड उघडं केलं, आवळलं, पहिल्या चावीत चालू.

लाइट, हॉर्न सगळं नीट चालायचं म्हणून कुणाला संशय आला नाही. पण लाइटला आठ-दहा अँपिअर पुरतात, सेल्फ दोनशे-तीनशे ओढतो, तेवढं बोल्टच्या आट्यांतनं जात नाही. आणि डायनामोचा करंटही त्याच जोडातनं फिरतो, म्हणजे चार्जिंगपण अर्धवट.

सकाळी घरी सांगितलं तर दाजी हसले. अर्थनं काय होतंय म्हणाले, डायनामो बघू, आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढलं. इंजिन बंद पडलं नाही. ‘बघ, डायनामो ओके.’ अहो पण साध्या पंपाच्या डिझेल इंजिनला चालायला करंट लागतच नाही, डायनामो काढून घरात ठेवला तरी ते चालणार! ही टेस्ट गावोगावी करतात आणि तिच्यातनं काही म्हणजे काही कळत नाही, उलट बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनामोतले डायोड जातात. आमचे गेले. दुसऱ्या दिवसापासून चार्जिंगचा लाल दिवा विझेना.

तुमचं काय ते मीटर लावल्याशिवाय कळणार नाही. साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० वर ठेवा. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी १२.६ च्या आसपास पाहिजे. रेस वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.५. डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टापासून त्याच्या बॉडीपर्यंत १४ येतंय आणि बॅटरीवर १३ च, तर डायनामो चांगला आहे, मधली वायर किंवा अर्थ खराब. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थच. कुठंच १३ च्या वर जात नसेल तर आधी बेल्ट बघा, आणि चावी दिल्यावर लाल दिवा पेटतो का ते बघा, बऱ्याच डायनामोंना त्या दिव्यातनंच सुरुवातीचा करंट मिळतो, दिवा उडाला की चार्जिंग बंद. टेपचा अॅम्प्लिफायर डायरेक्ट बॅटरीवर जोडलेला असेल तर आठवडाभर काढून ठेवा, तोच बॅटरी खात असेल तर कळेल, राग मानू नका.

आणि हो, खोलताना आधी काळी केबल काढायची, लावताना ती शेवटी. बॅटरीजवळ बिडी नको, चार्जिंगला तिच्यातनं गॅस निघतो. हे सगळं जुन्या ट्रॅक्टरचं सांगतोय, २०२३ पासूनच्या ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे, तिथं असली खोलाखोली नकोच.

दाजींना हे अजून पटलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचा डायनामो गेला. कसा गेला ते मी विचारलं नाही.