मारुती ८०० वरून बगी: इंजिन पुढे, मध्ये की मागे?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिन्नरजवळ स्वतःचं रान आहे, भंगारात निघालेली मारुती ८०० हाताशी आहे, दोन सीटची, मागच्या चाकांवर ओढणारी बगी (रानात फिरवायची पाइपच्या सांगाड्याची उघडी गाडी) बांधायची आहे. इंजिन पुढे ठेवायचं, सीटमागे ठेवायचं की पार शेवटी टांगायचं, यावर तुमच्यात आणि फॅब्रिकेटरमध्ये जुंपली आहे.

माझं मत सीटच्या मागे आणि मागच्या एक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसाच्या) पुढे. पण तेवढं ऐकून पाइप कापायला घेऊ नका. माझ्या पहिल्या बगीत इंजिन अगदी तिथेच होतं, तरी ती चढावर वळायला तयार नव्हती.

ती आम्ही नाशिकमधल्या अंबडच्या एका शेडमध्ये बांधली. छोट्या टेम्पोत मावावी म्हणून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड ठेवला. इंजिन बसवून झाल्यावर जे जे उरलं ते सगळं मागे ढकललं: पेट्रोलची टाकी, रेडिएटर, बॅटरी, वर स्टेपनी. त्र्यंबक रोडच्या अंगाला एका मित्राचं रान आहे, तिथल्या मुरमाच्या चढावर पहिल्यांदा काढली. चढली झकास. अर्ध्यावर उजवीकडे वळायचं होतं. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, पुढची दोन्ही चाकं उजवीकडे वळलेली मला डोळ्यांनी दिसतायत, आणि बगी आपली नाकासमोर बांधाकडे निघालेली. चाकं मुरमावर नुसती फरफटत होती. मित्र धावत आला आणि पुढच्या पाइपवर बसला. गडी सत्तरएक किलोचा. बगी लगेच वळली. (हे करू नका. तो घसरला असता तर चाकाखालीच गेला असता.)

काट्यावर घातली तेव्हा मागे ७० टक्के, पुढे ३० टक्के वजन निघालं. इंजिन जागेवर होतं, बाकीचा संसार चुकीच्या जागी.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागे रोटाव्हेटर उचलला की तोंड हलकं होतं, म्हणून तर नाकावर लोखंडी वजनं अडकवतात.

आता जरा हिशोब करू. बगी दोन माणसांसकट ६०० किलो, व्हीलबेस २ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर धरा. सपाटीवर ६०:४० (मागे ६०, पुढे ४० टक्के) असेल तर पुढच्या चाकांवर २४० किलो. २० अंशाच्या चढावर तेच साधारण १६४ वर येतं. ७०:३० असेल तर सपाटीवर १८०, चढावर जेमतेम १०८. वर ॲक्सिलरेटर दाबला की आणखी कमी. वळवणार कशाच्या जोरावर?

मागच्या वजनाचा फायदा खोटा नाही. सुट्या मुरमावर घर्षणांक (चाकाची जमिनीवरची पकड) ०.६ धरला, तर मागच्या चाकांवर ४० टक्के वजन असलेली गाडी सुमारे १६ अंशांपर्यंत चढेल, ६० टक्क्यांची सुमारे २४ आणि ७० टक्क्यांची सुमारे २७ अंशांपर्यंत. म्हणजे शेवटच्या दहा टक्क्यांत मला तीन अंश मिळाले आणि स्टेअरिंग गेलं. शिवाय याच मापांच्या बगीत ६०:४० असताना मागे कोलांटी व्हायची हद्द ५३ अंशांच्या आसपास असते, ७०:३० ला ४५. ही उभ्या गाडीची हद्द. झटक्यात क्लच सोडला की त्याच्या कितीतरी आधी पुढचं उचलतं.

पुढे इंजिन ठेवायचं तर जिप्सी घ्या, फोर बाय फोर ठेवा आणि खुशाल चढा. चारही चाकं ओढत असतील तर पुढचं वजन कामाला येतं, रेडिएटरला समोरून वारा मिळतो, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. फक्त मागची चाकं ओढणार असतील तर ते वजन वाया. काळ्या मातीत मागची चाकं जागेवर गरगरतात आणि आपण ढकलत बसतो.

पार मागे टांगलेल्या इंजिनाचं वेड परदेशी बग्यांचे फोटो बघून येतं. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सने कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर मेयर्स मँक्स उभी केली आणि तिथून ही घडण जगभर गेली. पण बीटलचं इंजिन मुळातच एक्सलच्या मागे होतं, हवेवर थंड होणारं होतं, रेडिएटरची कटकटच नव्हती. आणि वाळूत पुढचं हलकं असलं की चाक रुतत नाही. आपल्याकडे मुरूम, दगड आणि पावसाळ्यात चिकट काळी माती. ते गणित इथे बसत नाही.

तुमच्या ८०० ची एक सोय आहे. पुढचं अख्खं इंजिन-गिअरबॉक्स, तोंड न फिरवता, आहे तसं मागे सरकवलं की इंजिन आपोआप मागच्या एक्सलच्या पुढे येतं. ते उलटं फिरवून शेवटी टांगायच्या फंदात पडू नका. चाकं उलटी फिरतील; चार गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढे जायचा. हसू नका, एका शेडमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलंय.

गिअरच्या दांडीचं मात्र डोकं लावावं लागतं. मूळ गाडीत लिव्हर इंजिनाच्या मागे असतो, बगीत तो इंजिनाच्या पुढे येतो. रॉड कसाही जोडला तर गिअरचे खाचे उलटे पडू शकतात. तसं झालं तर मधे एक उलटा लिव्हर द्या किंवा केबल वापरा.

दुसरी गोष्ट टाय रॉडची (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीची), आणि इथे बरेच जण फसतात. पुढचे हब मागे नेले की स्टेअरिंगचा हात तसाच राहतो. तो चेसिसला पक्का बांधायचा, पण कुठल्याही पट्टीने नाही. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मइतक्याच लांबीची, त्याच पातळीत हलणारी लिंक हवी. नाहीतर चाक खड्ड्यात वर-खाली झालं की आपोआप आत-बाहेर वळतं आणि गाडी मागून स्टेअरिंग मारल्यासारखी डुलते.

रेडिएटर मी आता पुढे ठेवतो. मागे ठेवला तर चाकांनी उडवलेली धूळ जाळीत जाऊन बसते. पुढे नेल्यावर पाण्याच्या नळ्या लांब होतात आणि हवा अडकते, म्हणून पाणी भरायची टाकी सगळ्यात उंच जागी घ्या. नळ्या सीटखालून नेताना वरून पत्रा टाका, उकळतं पाणी मांडीवर येऊ नये. सीट आणि इंजिन यांच्यामध्ये पूर्ण पत्र्याची फायरवॉल हवीच. आवाज आणि उष्णता मानेशी येणार, ते सहन करा.

दुसऱ्या फेरीत मी बॅटरी आणि स्टेपनी नाकावर नेली, टाकी सीटखाली घेतली, व्हीलबेस दहा इंच वाढवला. ६०:४० च्या जवळ आलं. त्याच चढावर आता पाइपवर कोणी बसावं लागत नाही.

बाकी ही गाडी रस्त्यावर आणू नका, आरटीओ पासिंग होणार नाही. टेम्पोत घालून स्वतःच्या रानात न्या. अंजनेरी, ब्रह्मगिरीकडच्या वनजमिनीत तर चाक घालूच नका.

आता करायचं एवढंच: इंजिन आणि सीट नुसती टॅक करा (वेल्डिंगचे दोन-चार टाके मारा), पूर्ण वेल्ड मारू नका. प्रत्येक सीटवर माणसाच्या वजनाइतकी कांद्याची गोणी ठेवा, टाकीत पेट्रोलऐवजी पाण्याचा कॅन. मग चाकांवर उभी करून वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुढची बाहेर, दोन्ही एकाच पातळीत. मोठा काटा दहा-दहा किलोने पुढे सरकतो, त्यामुळे भंगारवाल्याकडचा छोटा काटा मिळाला तर बरा. मागे ६२ टक्क्यांच्या वर आले तर आधी बॅटरी हलवा, इंजिन नाही. दोन्ही आकडे आणि व्हीलबेस इथे टाका, पुढचं बघू.